यंदाचा नेम

म्हसा गावच्या जत्रेत फुगे फोडणं ही काही विद्या नव्हे, असं ज्यांना वाटतं त्यांनी किन्हवलीच्या सदानंद निचित्यांच्या ओटीवर बसून तसं बोलून दाखवू नये. चहा येणार नाही. आलाच तर साखर नसेल.

निचिते हे एका शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रजा, दुसऱ्यांच्या बढत्या आणि दुसऱ्यांच्या मुलांचे दाखले लिहिण्यात त्यांचं अक्षर झिजलं. स्वतःच्या नावावर जमा म्हणावी अशी एकच गोष्ट होती. लग्नानंतरच्या पहिल्याच पौषात, नवी नवरी गीता शेजारी उभी असताना, त्यांनी जत्रेतल्या फुगेवाल्याच्या बंदुकीने फुग्यांची अख्खी रांग फोडली होती. बक्षीस म्हणून लाल प्लास्टिकच्या कडेचा गोल आरसा मिळाला. तो आरसा आजही त्यांच्या मोरीत लटकलेला आहे. पारा उडाल्यामुळे त्यात आता हनुवटी तेवढी दिसते, पण दाढीला तेवढी पुरते.

तेव्हापासून दर पौष पौर्णिमेला किन्हवलीहून सरळगाव, मुरबाड करत दोघं म्हशाला जायची. आधी म्हसोबाचं दर्शन, मग बैलबाजारातून एक फेरी (बैल कधीच न घेण्यासाठी), मग एखादी घोंगडी हाताने चाचपून "मागच्या सालची बरी होती" असं म्हणायचं, आणि शेवटी फुगे. फुगेवाला म्हातारा झाला, गेला. त्याची बायको अंबूबाई गल्ल्यावर आली. निचिते मात्र दरसाल तिथे उभे राहून एक डोळा मिटत राहिले.

मागच्या वर्षी घात झाला. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, उजव्याचा पिकायचा बाकी. त्यामुळे एका फुग्याचे दोन दिसत होते आणि निचिते नेमका त्या दोहोंच्या मधला फोडत होते. रांग होती तशीच राहिली. त्यात सोबत मुरबाडचे व्याही, नरेंद्र देसले. व्याही म्हणजे माणूस तसा देवमाणूस, पण आवाज मंदिरावरच्या भोंग्यासारखा. अंबूबाईला दया आली. जुनं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून तिने एक हिरवा कंगवा पुढे केला.

"कंगवा?" देसले म्हणाले, आणि त्यांची नजर निचित्यांच्या टोपीवर गेली. टोपीखाली काय नाही हे त्यांना ठाऊक होतं. "अहो अंबूबाई, व्याह्यांना कंगवा म्हणजे मला मंगळागौर!"

आजूबाजूची माणसं हसली. घोंगडीवालाही हसला, आणि घोंगडीवाले सहसा हसत नाहीत. निचित्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "पुन्हा या जत्रेत पाऊल टाकणार नाही." कंगवा त्यांनी बायकोच्या पिशवीत टाकला आणि मुरबाडपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

प्रकरण तिथेच दफ्तरी दाखल झालं असतं. पण दिवाळी झाली, भाताची झोडणी उरकली, आणि एका सकाळी ओटीवर तांदूळ निवडता निवडता गीताबाई मान वर न करता म्हणाल्या,

"अहो, यंदा नेम चुकता कामा नये हां. मी म्हसोबाला बोललेय."

निचित्यांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं.

म्हणजे हिच्याही मनाला लागलं होतं! वर्षभर बोलली नाही, आणि शेवटी थेट म्हसोबाच्या कानावर घातलं. खालच्या पातळीवर निकाल लागत नाही तेव्हा माणूस वरिष्ठांकडे जातो, हे क्लार्कला समजावून सांगावं लागत नाही. फक्त म्हसोबाला नेमबाजीत एवढा रस कधीपासून, हे त्यांना कळेना. पण देवाचं कामकाज आपल्या अखत्यारीत नाही असं समजून त्यांनी तो प्रश्न सोडून दिला. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला डॉक्टर अजून थांबा म्हणत होते. जत्रा थांबणार नव्हती. तेव्हा डोळ्याला मदत हवी.

शेजारी अनिल फर्डे याच्याकडे छर्ऱ्याची हवेची बंदूक होती. वालाच्या शेतात माकडं उतरली की तो ती आभाळाकडे धरून उडवायचा. माकडं आवाजाला भ्यायची नाहीत, पण अनिलच्या ओरडण्याने जायची. निचित्यांनी ती बंदूक मागून घेतली आणि अनिलची बायको अपेक्षा हिच्या मोबाईलवरून बंदुकीला लावायची छोटी दुर्बीण मागवली. त्या दुर्बिणीला मोबाईलमध्ये स्कोप म्हणत होते. गावात बातमी पसरली.

"काका, स्कोप मागवला म्हनं," नाक्यावर एकाने विचारलं. "या वयात कसला स्कोप हो? आमाला चाळिशीत नाय ऱ्हायला."

पार्सल आलं. दुर्बीण चांगली होती, म्हणजे तिच्यातून दिसायचं. तिला बंदुकीवर धरून ठेवणारी दोन काळी कडी मात्र परदेशातल्या कुठल्यातरी कारखान्यात शुक्रवारी संध्याकाळी घरी जायच्या घाईत ओतलेली असावीत. वरचा घेर दुर्बिणीपेक्षा मोठा, खालचा पाय बंदुकीच्या खाचेपेक्षा अरुंद, आणि स्क्रू असे की आवळत जावं तसे ते प्रेमाने फिरतच राहावेत. सोबत एक कागद होता. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की आपण आनंदाने घट्ट व्हावे.

निचिते आनंदाने घट्ट करायला बसले. परसातल्या शेवग्याला फुगा बांधला, दुर्बिणीतून फुगा फणसाएवढा दिसला, आणि त्यांनी चाप ओढला. हवेची बंदूक दिसते गरीब, पण आतली स्प्रिंग सुटली की ती खेचरासारखी झटका देते. त्या झटक्याने दुर्बीण कड्यातून मागे सरकली आणि तिने निचित्यांच्या उजव्या भुवईवर नेमका वार केला. त्या दिवसातला तेवढाच एक नेम बरोबर लागला. छर्रा चुलाण्यावर आंघोळीचं पाणी तापत होतं त्या हंड्यावर जाऊन ठण्णकन वाजला.

आतून गीताबाईंचा आवाज आला, "अहो, पानी तापल्यावर मी हाक मारते ना. घंटा कशाला?"

भुवई काळीनिळी झाली. निचित्यांनी विचारणाऱ्याला खरं कारण सांगितलं आणि कुणाचाच विश्वास बसला नाही. गीताबाईंचा गावातला मान मात्र आपोआप वाढला. वाण्याने त्यांना पहिल्यांदाच सुटे पैसे न मागता सामान दिलं.

मग सल्ले सुरू झाले. माणूस आजारी पडला तर गावात चार सल्ले मिळतात; वस्तू ढिली झाली तर अख्खा गाव डॉक्टर होतो. अनिल म्हणाला, सायकलच्या ट्यूबची पट्टी कड्यात घाला. घातली. दुर्बीण घट्ट बसली, पण रबर दबून प्रत्येक झटक्यानंतर ती हळूच डावीकडे मान वळवायची, सासरी नवी आलेली सून वळवते तशी. कुणी म्हणालं, थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून पायाखाली सारा. सारला. पाय खाचेत बसला, निचित्यांचा अंगठा कापला. पोलिस पाटील ज्ञानेश्वर भोईर येऊन म्हणाले, खाचेला तेल लावा, सगळं कसं लोण्यासारखं बसेल. लावलं. दुर्बीण लोण्यासारखी बसली आणि लोण्यासारखीच घसरली. ते तेल काढायला रॉकेल लागलं, रॉकेलचा वास जायला साबण, आणि साबणाने बंदुकीला जो वास आला त्यामुळे गीताबाईंनी ती घरात घ्यायला नकार दिला.

"बंदूक हाय का पापड-लोनच्याचं दुकान? परसात ठेवा."

शेवटी अपेक्षाने मोबाईलवर एका परदेशी माणसाचा व्हिडिओ दाखवला. त्याच्या टेबलावर धुळीचा कण नव्हता. तो म्हणत होता की स्क्रू बसवताना आट्यांवर नेलपॉलिश लावावी, म्हणजे तो झटक्याने उलट फिरत नाही.

"माझी घ्या काका," अपेक्षा म्हणाली. "सोनेरी चमकीची हाय. हळदीला आनली होती."

निचित्यांनी आटे नीट पुसले, एकदा या कुशीचा तर एकदा त्या कुशीचा असे स्क्रू थोडे थोडे आवळले, नेलपॉलिश लावली. आणि खरोखर, बसलं! शेवग्यावरचा फुगा फुटला. दुसरा फुटला. निचित्यांच्या छातीत काहीतरी जुनं, लाल कडेच्या आरशासारखं गोल गोल चमकलं. इथे शहाणा माणूस थांबला असता. पण आयुष्यभर प्रत्येक कागदावर शिक्का मारून त्यावर पुन्हा सही घेतलेल्या माणसाला नुसत्या नेलपॉलिशवर झोप कशी लागणार? त्यांनी पाण्याच्या टाकीची गळती बुजवायची ती दोन रंगांची माती आणली, मळली, आणि कड्यांवर, स्क्रूंवर, खाचेवर लिंपली. ती दगडासारखी वाळली. त्यावर खबरदारी म्हणून झटपट चिकटणारा गोंद सोडला. त्यात थोडा वेळ तेही चिकटले होते, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

"आता हे भूकंपातसुद्धा हलणार नाही," ते म्हणाले.

त्याच सुमारास मुरबाडहून देसल्यांचा फोन आला. फोन कानापासून हातभर लांब धरला तरी ऐकू यायचं.

"काय व्याही, येताय ना यंदा? फुग्यांना कळवून ठेवतो!"

"कळवा," निचिते थंडपणे म्हणाले. "आणि निरोपाचं भाषणही तयार ठेवायला सांगा."

राहिला कागदाचा प्रश्न. पोलिस पाटील म्हणाले होते, "काका, याला परवाना लागत नाय. पन जत्रेत बंदोबस्त असतो. एखादा कागद असू द्या." कागद या शब्दाने निचिते खुलले. ते शहापूरला गेले आणि एका कचेरीत, एका टेबलापुढे उभे राहिले.

"परवाना हवा?" टेबलामागचे गृहस्थ म्हणाले.

"नको. परवाना लागत नाही असा दाखला हवा."

"जे लागतच नाही, त्याचा दाखला आम्ही कशाच्या आधारे द्यायचा?"

"ते लागत नाही, याच आधारे."

समोरच्याने पेन खाली ठेवलं. चहा मागवला. दोन क्लार्क अशा मुद्द्यावर समोरासमोर येणं हे दोन पैलवान आखाड्यात उतरण्यासारखं असतं. ओळख नसली तरी आदर असतो. बराच खल झाला. उद्या कुणी येऊन छत्रीला परवाना लागत नाही असा दाखला मागितला तर काय, असं टेबलामागच्यांनी विचारलं. द्यावा, असं निचिते म्हणाले. अखेर निचित्यांच्याच अर्जावर "नोंद घेतली" असा शिक्का तिरका उमटला आणि दोघंही समाधानाने उठले.

पौर्णिमेला निचिते दांपत्य एसटीने निघालं. बंदूक जुन्या चादरीत गुंडाळून गीताबाईंच्या मांडीवर. कंडक्टरने विचारलं, "काय हाय ओ मावशी?"

"यांचा नाद," गीताबाई म्हणाल्या. कंडक्टरने त्याचं वेगळं तिकीट मागितलं नाही.

म्हशाला नेहमीसारखी धूळ, गुळाचा वास, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा नाद. दर्शन झालं. गीताबाई देवापुढे आज जरा जास्तच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. निचित्यांनी ते पाहिलं. आज चुकलं तर म्हसोबापुढे बाईचा शब्द जाणार होता.

फुग्यांच्या वाटेवरच बंदोबस्ताची राहुटी होती. हवालदाराने चादर उलगडली. निचित्यांनी ऐटीत अर्ज काढला.

"'सदर हवेच्या बंदुकीस परवान्याची आवश्यकता नसल्याने...' बरोबर हाय," हवालदार म्हणाला. "पन ही दुर्बीण?"

"ती बंदुकीला जोडलेली आहे."

"बंदुकीला जोडलेली हाय. अर्जाला नाय जोडलेली. यात दुर्बिणीचा शब्द दाखवा मला."

निचित्यांनी आपलाच अर्ज पुन्हा वाचला. शब्द नव्हता. नोकरीभर लोकांच्या अर्जांत बोट ठेवून "यात हे कुठाय?" असं विचारलेला माणूस आज टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभा होता.

"घाबरू नका काका. दुर्बीण काढून इथं ठेवा, बंदूक घेऊन जा. साधी गोष्ट हाय."

"ती निघत नाही."

"निघत नाय म्हनजे?"

हवालदाराने ओढून पाहिली. दुसऱ्या शिपायाने बंदूक गुडघ्यात धरली, तिसऱ्याने दुर्बीण पिळली. परदेशी कारखान्याने जे दिलं नव्हतं ते किन्हवलीने दिलं होतं. सोनेरी चमकीचा एक कण तेवढा खाली पडला.

"आयला, काय काम केलंय काका!" हवालदार घाम पुसत म्हणाला. "आमच्या या खुर्चीचा पाय कधीपासून हलतोय. जरा बघता का?"

वेगळी वेळ असती तर निचिते सुखावले असते. बंदूक दुर्बिणीसकट राहुटीत राहिली; जाताना न्या म्हणाले. निचिते मोकळ्या हातांनी, काळ्या भुवईने आणि दीड डोळ्याने अंबूबाईच्या दुकानापुढे आले. देसले तिथे आधीच, चांगली जागा धरून उभे.

"या व्याही! आणि तुमची ती तोफ?"

"सरकारजमा आहे."

"या वो निचितेभाऊ," अंबूबाईने आपली बंदूक मोडून छर्रा भरला. "मी म्हटलं यंदा येता का नाय. रागावून गेल्ता."

बंदूक खांद्याला लागली. तोच गुळगुळीत झालेला दस्ता, तोच थंड लोखंडाचा वास. निचित्यांनी एक डोळा मिटला. फुगे दोन-दोन झाले. त्यांनी यंदा हुशारीने डावीकडचा धरला. तो खोटा निघाला. मग उजवीकडचा धरला. अंबूबाईच्या बंदुकीची नळी वाकडी होती, ती डावीकडे मारायची. एकामागून एक छर्रे मागच्या पडद्यावर टप टप वाजत राहिले. मध्येच लांब टोकाला, भलत्याच रांगेत, एक फुगा उन्हाने आपसूक फुटला.

"बघा, बघा!" देसले ओरडले. "व्याह्यांच्या धाकाने फुटला!"

रांग संपली. म्हणजे छर्रे संपले. रांग होती तशीच होती. अंबूबाईने कंगव्यांच्या डब्यात हात घातला. निचित्यांचे कान लाल झाले. आणि तेवढ्यात गीताबाईच पुढे झाल्या.

"निळा द्या वो अंबूबाई. मागच्या सालचा हिरवा लय चांगला निघाला. एक दात नाय तुटला अजून."

निचित्यांनी बायकोकडे पाहिलं. मग तिला चार पावलं बाजूला नेलं आणि हळू आवाजात म्हणाले,

"चुकला गं नेम. म्हसोबाला सांग, यांनी प्रयत्न केला होता."

"चुकला?" गीताबाईंना कळेना. "चुकला कुठं? आलो नाय का आपन?"

"आलो, पण..."

"मागच्या साली तुमी बोललात ना, पुन्हा पाऊल टाकनार नाय म्हनून. मला वर्षभर घोर. लग्न झाल्यापासून एक साल चुकलं नाय आपलं, जोडीनं यायचं. म्हसोबाला म्हटलं, बाबा, एवढा नेम चुकू देऊ नको. नाय दिला त्यानं. दिला का?"

जत्रा निचित्यांच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती.

"म्हणजे नेम... हा नेम?"

"मग कुठला?"

भुवई, अंगठा, हंडा, रॉकेल, शहापूरची कचेरी, दोन रंगांची माती. निचित्यांनी मनात सगळी खर्चाची बाजू वाचून काढली. ती लांबलचक होती.

"मग परसात एवढे दिवस मी ती बंदूक घेऊन काय करतोय, असं नाही वाटलं तुला?"

"रिटायर मानसाला काय तरी लागतं," गीताबाई म्हणाल्या. "शेजारचे दारू पितात."

"आणि मागच्या वर्षी एकही फुगा फुटला नाही, व्याही एवढे हसले..."

"फुटला नाय?" गीताबाई खरोखरच चकित झाल्या. "कंगवा दिला म्हटल्यावर मला वाटलं लागला. व्याही हसले ते तुमच्या टकलाला."

"तू समोर उभी होतीस की!"

गीताबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. या वयात त्यांना लाजताना निचित्यांनी बऱ्याच वर्षांनी पाहिलं.

"मला बंदुकीच्या आवाजाची भीती वाटते. पयल्यापासनं. डोळे मिटूनच असते मी."

"पहिल्या वर्षीसुद्धा? अख्खी रांग फोडली होती मी तेव्हा!"

"आरसा मिळाला ना. तेव्हा कळलं."

ज्या एका जमेवर निचित्यांनी आयुष्याचा ताळेबंद मांडला होता, तिला साक्षीदार म्हणून एक गतप्राण फुगेवाला आणि एक पारा उडालेला आरसा एवढेच उरले होते. त्यांना वाईट वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्यांना मागच्या वर्षाचा तो सगळा हशा अचानक फार हलका वाटू लागला. ते वळले आणि दुकानापुढे येऊन अंबूबाईला म्हणाले,

"एक छर्रा भरा."

"आता काय, फुगेच घाबरून उडून जातील," देसले म्हणाले, पण जरा सरकून त्यांनी जागा दिली.

"गीता, यंदा डोळे उघडे ठेव."

"ठेवते."

"नक्की?"

"ठेवते म्हटलं ना. मारा तुमी."

निचित्यांनी बंदूक उचलली, एक डोळा मिटला, चाप ओढला. फट्ट झालं. त्यांनी फुग्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी आधी शेजारी पाहिलं. गीताबाईंनी दोन्ही डोळे घट्ट मिटले होते, खांदे कानांपर्यंत उचलले होते, आणि निळा कंगवा मुठीत आवळून धरला होता.

"लागला?" डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी विचारलं.

"लागला," निचिते म्हणाले.

देसल्यांनी तोंड उघडलं. अंबूबाईने डब्यातून आणखी एक कंगवा काढला आणि निचित्यांना द्यायच्या आधी तो मुरबाडच्या व्याह्यांच्या डोळ्यांपुढे असा काही धरला, की त्यांनी तोंड पुन्हा मिटलं.